बर आणि बरं

माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखावर लाल नेलपॉलिश दिसलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिने पिठाच्या हातानेच माझा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे काय नवीन? आणि एकाच नखाला? बाकीची नऊ काय सावत्र आहेत?"

"चेकिंग करताना लागलं," मी म्हणाले.

बाबा खाटेवर पेपर वाचत बसले होते. तो पेपर खाली आला.

"टेस्टिंग म्हण, खेळ म्हण, तुला काय म्हणायचं ते म्हण. चेकिंग म्हणू नकोस."

हा शब्द आमच्या घरात बाबांच्या मालकीचा होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षं चेकिंगला होते. लेथवरून उतरलेला नग त्यांच्या टेबलावर यायचा. ते तो गेजमध्ये, म्हणजे मापाच्या चौकटीत, घालून बघायचे, कडांवरून बोट फिरवायचे आणि नग चुकलेला असला तर त्याला लाल रंगाचा ठिपका द्यायचे. एकदा लाल ठिपका पडला की विषय संपला. मग साहेब येवो नाहीतर युनियनचा पुढारी, तो ठिपका पुसला जायचा नाही. रविवारी विहारात कुणी नवीन माणूस भेटला आणि त्याने "काय करता?" म्हणून विचारलं, की बाबा दोनच शब्द बोलायचे, "चेकिंगला आहे." ते अशा आवाजात बोलायचे की समोरचा आपोआप आपल्या सदऱ्याची बटणं नीट लागलीत का ते बघायचा.

त्याच माणसाने पुढे "आणि मुलगी?" असं विचारलं, तर मात्र बाबा म्हणायचे, "तिचं टीव्हीचं काहीतरी आहे उल्हासनगरला." आणि लगेच पाण्याच्या टंचाईवर बोलायला लागायचे. ते "काहीतरी" मला फार झोंबायचं. आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो, आणि सगळ्या वर्गात मी पहिली आले होते. काहीतरी म्हणे!

आता काम काय होतं ते सांगते, आणि सांगितल्यावर तुम्हीही बाबांच्या बाजूने व्हाल, हे मला माहीत आहे. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा काळ. टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम तेव्हा नुकते घरोघर शिरत होते. उल्हासनगरच्या बाजारामागे एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका सिंधी सेठचा हे गेम जोडायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. अर्ध्या खोलीत बायका सोल्डरिंग करायच्या, डबे जोडायच्या, स्क्रू पिळायच्या. उरलेल्या अर्ध्या खोलीत तीन टीव्ही होते आणि त्यांच्यासमोर आम्ही तिघं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा गेम खेळायचो. त्याचा पगार मिळायचा.

तिघांपैकी एक बदलापूरचा, कात्रपला राहणारा. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेला आणि इतका उंच, की त्याचे गुडघे टीव्हीच्या आड यायचे. त्याच्याकडे एक जाड वही होती. तीत प्रत्येक गेममधला प्रत्येक खड्डा लिहिलेला असायचा. "पाचवा खड्डा, दीड उडी. पुढे पक्षी. थांबू नये." त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. आमच्या एका कॅसेटवर, म्हणजे गेम ज्यात असतात त्या प्लॅस्टिकच्या वडीवर, "९९९९ गेम" असं छापलेलं होतं. मास्तरने सलग चार दिवस बसून ते मोजले आणि सेठपुढे वही उघडून उभा राहिला. "साईं, सातच आहेत. आठव्यापासून पहिलाच परत येतो, नुसता आकाशाचा रंग वेगळा." सेठने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तो मुलगा-मुलगी सगळ्यांनाच पुट, म्हणजे बेटा, म्हणायचा. "पुट, जो पूरे गिनेगा वो कस्टमर नहीं, पागल है. तू कस्टमर है क्या?" मास्तरने वही मिटली ती दुपारच्या डब्यापर्यंत उघडली नाही.

दुसरा उल्हासनगरचाच, सेठचा लांबचा नातलग. त्याचं सगळं ज्ञान कानात होतं. तो टीव्हीकडे पाठ करून कचोरी खात बसायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, "आता डावीकडे वळलीस. आता मेलीस." आणि मी मेलेली असायचे. त्याला आम्ही कानसेन म्हणायचो. मला काय म्हणायचे ते सांगणार नाही. माझा राग नाकावर असायचा, एवढं सांगितलं तरी पुरे.

आमची भाषा चारचौघांत ऐकवण्यासारखी नव्हती. "मेलास?" "मेलो." "किती जीव उरले?" "एकच." "मग चहा पिऊन ये आणि मर." पहिल्या मजल्यावर एक दवाखाना होता. जिना चढून येणारे पेशंट हे ऐकून मधल्या पायरीवर थबकायचे, आणि एकदोघे तर खाली उतरून गेलेलेही मी पाहिले आहेत.

प्रत्येक संच जोडायचा, कॅसेटमध्ये फुंकर मारायची, चित्र बघायचं, आवाज बघायचा, मग दोन्ही रिमोट, म्हणजे हातात धरून खेळायचे बटणांचे डबे, घेऊन एका ठरलेल्या गेमचा पहिला टप्पा पार करायचा. त्या गेममध्ये पाठीवर ओझं घेतलेला एक बुटका माणूस पळत असायचा, त्याला आम्ही हमाल म्हणायचो. पळता पळता पहिला खड्डा यायचा. लाल बटण दाबलं की हमाल उडी मारायचा. खड्डा पार झाला की संच पास. मग मी चिठ्ठीवर सही करून ती खोक्यात टाकायची. नापास संचावर खूण करायची पद्धत मी येईपर्यंत तिथे नव्हतीच. चांगला-वाईट माल एकाच ढिगात पडायचा. मी बाजारातून लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि नापास मालाला ठिपका द्यायला सुरुवात केली. ही कल्पना कुणाची उचलली होती, ते बाबांना मी कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबांनी एक फॉर्म आणला. अंबरनाथच्याच एका कंपनीत स्टोअरमध्ये कारकून हवा होता. कायमची नोकरी, घरापासून चालत वीस मिनिटं. महिनाअखेरपर्यंत फॉर्म भरायचा होता.

"मला नोकरी आहे," मी म्हणाले.

"दिवसभर खेळतेस त्याला नोकरी म्हणत नाहीत."

"तुम्ही बघितलंय कधी?"

मी हे चिडून म्हणाले होते. पण बाबा न बघता कुठलाही नग बाद करत नसत, त्यामुळे ते अडकले. पेपरची घडी घालून म्हणाले, "शनिवारी माझी हाफ डे असते. येतो. काम असेल तर हा फॉर्म मी स्वतः फाडीन. खेळ असेल तर तू भरायचा. मान्य?"

"मान्य," मी म्हणाले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरीचं एवढं वाटत नव्हतं. मला त्यांच्याकडून तो शब्द हवा होता. त्यांचा स्वतःचा, विहारात सांगायचा शब्द.

शनिवारी दुपारी बाबा आले ते जयंतीला घालायचा पांढरा सदरा घालून. खिशात पेन आणि सहा इंची स्टीलची पट्टी. सेठ खुर्चीतून उठून पुढे आला. "आओ साईं, बैठो. पहले पापड़ खाओ." पाहुण्याला आधी पापड आणि पाणी, ही सिंधी लोकांची रीत. बाबांना ती माहीत नव्हती. जेवणाशिवाय पापड कसा खायचा, या विचारात त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि सवयीने कडेकडेने फिरवून पाहिला. सेठला वाटलं, पापड चांगला नाही. त्याने तो परत घेऊन दुसरा दिला.

मग मी त्यांना सगळं दाखवलं. चित्र, आवाज, फुंकर. ठिपके दिलेला माल वेगळ्या खोक्यात होता. त्या खोक्याजवळ बाबा क्षणभर थांबले, वाकून पाहिलं, आणि पुढे आले.

"तुम्ही बसून बघा ना," मास्तर म्हणाला. मोठ्या आदराने त्याने आपलं स्टूल दिलं.

बाबा बसले. हमाल पळाला, खड्डा आला, बाबांनी लाल बटण दाबलं, हमाल खड्ड्यात पडला. पुन्हा पळाला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा बाबांनी अंग पुढे झुकवून बटण दाबलं. हमाल पडला. कानसेन पाठमोरा बसून मोजत होता, "मेले. परत मेले. काका, परत मेले." मास्तरने वही काढली. सोल्डरिंगच्या बायकांनी हातातलं काम खाली ठेवलं. चौदाव्यांदा हमाल पडला तेव्हा सगळी खोली हसत होती आणि मीही हसत होते. आज ते सांगताना लाज वाटते, पण हसत होते हे खरं. अठ्ठावीस वर्षं ज्याच्या ठिपक्याला साहेब टरकायचे, तो माणूस पहिला खड्डा ओलांडू शकत नव्हता, आणि मला त्याची मजा वाटत होती.

बाबांनी रिमोट टीव्हीपासून बाजूला घेतला. उजेडाकडे धरला. लाल बटणाच्या भोवती अंगठ्याचं नख फिरवलं. तिन्ही टीव्ही एकाच वेळी कोकलत होते. त्या कलकलाटात ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बर आहे." आणि उठले. सेठला नमस्कार केला आणि गेले.

बरं आहे! बाबांच्या तोंडून "बरं आहे" म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून ढोलताशे. आईच्या मटणालाही ते कधी याच्यापुढे गेले नव्हते. मी कारखान्यात सगळ्यांना जिलबी आणून खिलवली, थोडी घरीही नेली. रविवारी बाबा दिवसभर अधूनमधून माझ्याकडे बघत होते. मी समजले, फॉर्म कसा फाडावा याचा विचार चालला असेल, मानी माणूस आहे. मी त्यांना दोनदा न मागता चहा करून दिला.

सोमवारी सकाळी माझ्या डब्याच्या पिशवीवर फॉर्म ठेवलेला होता. वर पेनही होतं.

"हे काय?"

"भर आणि दे."

"पण तुम्ही तर बरं आहे म्हणालात!"

"मी कधी म्हणालो?"

"शनिवारी. सगळ्यांसमोर. माझ्याकडे बघून म्हणालात, बरं आहे."

 बाबांनी डोक्यावर हात मारून घेतला. "अगं, बरं नाही. बर. बर आहे म्हणालो. भोकाला बर आहे. बटण अडकतंय."

बर म्हणजे काय ते मला माहीत होतं. कारखान्याच्या गावातली मुलगी मी. भोक पाडल्यावर किंवा साच्यातून नग काढल्यावर कडेला जो बारीक धारदार कंगोरा राहतो ती बर. आमच्या घरात हा शब्द मिठासारखा वापरात होता. तरी मला तो ऐकू आला नाही, कारण मला दुसरा ऐकायचा होता.

"दोन दिवस वाट बघितली," बाबा म्हणाले. "म्हटलं, आज विचारशील, उद्या विचारशील, बर कुठे आहे म्हणून. तू जिलब्या वाटल्यास. मग तो खेळच झाला की."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला खेळता येत नाही आणि बटणाला दोष देताय. नाचता येईना अंगण वाकडं!"

आईने चुलीजवळून माझं नाव घेऊन हाक मारली. बाबा मात्र चिडले नाहीत. शर्टाची बाही गुंडाळत म्हणाले, "अंगण वाकडंच आहे. माझ्यासारखं दाबून बघ."

 दुपारी कारखान्यात डबा खाऊन झाल्यावर मी शनिवारच्याच लॉटमधला एक रिमोट घेतला आणि हमाल पळवला. खड्डा आला, अंगठा पडला, हमाल उडाला. दहा वेळा उडाला. बघा, म्हटलं, बर म्हणे! मग अकराव्यांदा मी टीव्हीकडे न बघता माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

तो बटणावर सरळ पडतच नव्हता. उजवीकडून, नखाच्या कडेने, तिरका घसरत पडत होता. मी मास्तरच्या अंगठ्याकडे पाहिलं. तिरका. कानसेनच्या पाहिलं. तिरका. रोज शेकडो वेळा तो खड्डा ओलांडून आमच्या अंगठ्यांनी आपणहून वाट शोधली होती आणि आम्हाला कळवलं नव्हतं.

"सरळ दाब," मी मास्तरला म्हणाले.

त्याने दाबलं. उडी. "सरळच दाबलं."

"नाही दाबलंस. परत."

तिघांनी अर्धा तास प्रयत्न केला. वाईट खेळायचं कसं ते आम्हाला आठवेचना. कानसेनने डाव्या हाताने करून पाहिलं, तर त्याचा डावा हातही तरबेज निघाला. शेवटी मी रिमोट घेऊन सेठपुढे गेले. "साईं, एकदा खेलके देखो."

"पुट, मैं बेचता हूँ. खेलता नहीं."

हे तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. हजारो संच विकलेल्या त्या माणसाने स्वतः एकदाही रिमोट हातात धरला नव्हता. त्याला स्टुलावर बसवलं. हमाल पळाला आणि पडला. पळाला आणि पडला. सहाव्यांदा पडल्यावर सेठ ओरडला, "अरे, ये तो कूदता ही नहीं! ये किसने पास किया?"

"मी," मी म्हणाले.

रिमोट उघडला. बटणाच्या भोकाला आतून डाव्या बाजूला प्लॅस्टिकचा बारीक कंगोरा होता. सरळ दाबलं की बटण त्यावर पापणी लवेपर्यंत अडायचं, आणि खड्डा काही कुणासाठी थांबत नाही. नवीन साच्यातून आलेला अख्खा लॉट तसाच होता. दोनशे चाळीस संच, म्हणजे चारशे ऐंशी रिमोट, खाली खोक्यांत बांधून ठेवलेले. दिवाळीचा माल. गुरुवारी टेम्पो येणार होता. प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी आणि त्यातल्या बऱ्याचशा चिठ्ठ्यांवर माझी सही.

मास्तर हळूच म्हणाला, "पोरं दोन दिवसांत शिकतील तिरकं दाबायला. आपण शिकलोच ना." तो खोटं बोलत नव्हता. पण मला दिवाळीच्या सकाळी नवीन कपडे घालून टीव्हीसमोर बसलेलं एखादं पोर दिसलं, पुन्हा पुन्हा खड्ड्यात पडणारं, आणि मागून हसणारं घर. शनिवारी ते हसू मी ऐकलेलं होतं.

"खोकी उघडायची," मी म्हणाले.

सेठ पाच मिनिटं सिंधीत ओरडला. त्यातला शब्द कळला नाही आणि कळायची गरजही नव्हती. मग तो खुर्चीत बसला, पाणी प्याला आणि विचारलं, "पकड़ा किसने?"

"माझ्या वडिलांनी."

"वो पापड़ वाले साहब?"

"हो."

"उनको बुलाओ."

बोलवा म्हणणं सोपं होतं. संध्याकाळी मी रिमोट डब्याच्या पिशवीत घालून घरी आले. बाबा खाटेवर होते. त्यांच्यासमोर रिमोट ठेवला. 

"बर आहे," मी म्हणाले. या वेळी उच्चार स्पष्ट केला.

बाबांनी हसायला हवं होतं, टोमणा मारायला हवा होता. मी असते तर आठवडाभर सोडलं नसतं. ते उठले, खाटेखालची पेटी ओढली आणि उंदराच्या शेपटीएवढी एक गोल कानस काढली.

"किती नग आहेत?"

"चारशे ऐंशी."

"कुणी सांगितलं सगळे उघडायला?"

"कुणी नाही. मीच."

त्यांनी मान हलवली. मग रिमोट उघडून दाखवलं. "कानशीचे दोन घास मारायचे. आतून बाहेर. तिसरा मारायचा नाही, नाहीतर बटण खुळखुळेल."

मंगळवारी बाबांनी रजा टाकली. आजीच्या अंत्यसंस्कारानंतर त्यांनी घेतलेली ही पहिलीच रजा, असं आई मागाहून म्हणाली. दोन दिवस उल्हासनगरच्या त्या खोलीत टीव्ही बंद होते. आम्ही तिघं, सोल्डरिंगच्या बायका आणि मध्ये बाबा. मास्तर घास मोजायचा. कानसेन प्रत्येक रिमोट कानाशी धरून बटण दाबायचा आणि सांगायचा, "काका, याचं बटण अजून खरखरतंय." बाबा तो घेऊन नख फिरवायचे आणि खरोखरच एक घास बाकी असायचा. बाबा माझ्या कानात म्हणाले, "या पोराला आमच्याकडे गेजची गरज पडली नसती." गुरुवारी टेम्पो गेला.

फॉर्मचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. महिनाअखेर उलटून गेली. एक दिवस मांडणीवरून चटणीची बरणी काढताना खाली तो अंथरलेला दिसला. आईने कागद म्हणून घातला होता. बाबांनीही तो पाहिला असणार, रोज चटणी घ्यायचेच. पण विहारात कुणी विचारलं की अजूनही उत्तर तेच, "टीव्हीचं आहे उल्हासनगरला." त्यातलं "काहीतरी" तेवढं गेलं होतं. एवढ्यावर समाधान मानायला मी शिकले.

मास्तरच्या वहीत मात्र एक नवीन नियम आला. "अडाणी पास. प्रत्येक लॉटमधला एक नग, ज्याला खेळता येत नाही अशा माणसाने पास केल्याशिवाय माल बांधू नये." पहिल्यांदा चहावाला आणला. त्याला दोन आठवड्यांत इतकं जमायला लागलं की आमचा चहा गार व्हायला लागला. दवाखान्यातला कंपाउंडर आणला, तो तर तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेला. जगात अडाणी माणूस टिकवणं किती अवघड आहे हे तेव्हा आम्हाला कळलं.

पुढच्या वर्षी बाबा रिटायर झाले. पहिले दोन महिने त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू तपासली. आईच्या लाटण्यालाही बाक आहे असं ठरवलं. आई मला म्हणाली, "यांना कुठेतरी घेऊन जा, नाहीतर मी जाते." मग बाबा दर शनिवारी माझ्याबरोबर उल्हासनगरला यायला लागले. अंबरनाथहून एकच स्टेशन, पण पांढरा सदरा, पेन आणि पट्टी सगळं बरोबर. सेठ त्यांना "अनाड़ी साहब" म्हणायचा. ते नाव बाबांना मनापासून आवडलं. मोबदला म्हणून दोन पापड आणि चहा. सरावाला सक्त मनाई. ते स्टुलावर ताठ बसायचे, लॉटमधला एक नग घ्यायचे, लाल बटण सरळ, अगदी नियमात दाबायचे. एखाद्या वेळी हमाल उडायचा, बहुतेक वेळा वेळ चुकल्यामुळे पडायचा. पण बाबांना आपण चुकलो की बटण, हे नखाने कळायचं. आता कुणी हसायचं नाही. शनिवार जवळ आला की त्यांची स्वारी शुक्रवारपासूनच खुशीत असायची, बूट पॉलिश करायची.

असं जवळजवळ वर्ष चाललं. एका शनिवारी मला ताप होता, म्हणून ते एकटेच गेले. संध्याकाळी परत आले, बूट काढले आणि पेपर घेऊन खाटेवर बसले.  आई पाणी घेऊन आली आणि तिथेच थांबली.

"हे काय नवीन?" ती म्हणाली. "आता या वयात?"

त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. सांडलेला नाही, माखलेला नाही. बरोबर मधोमध, गोल.

"लागलं का?" मी विचारलं.

"लागलं नाही. दिला," ते म्हणाले. "आज खड्डा ओलांडला. वाटलं, चुकून झालं. परत पाचदा बघितलं. पाचही वेळा ओलांडला. मग अंगठ्याकडे बघितलं, तर तिरका जातोय."

"मग?"

"मग काय? मी बाद. सेठला सांगून आलो, दुसरा अडाणी बघा म्हणून."

मला रडू आलं, आणि ते तापामुळे नव्हतं. ते मुद्दाम पडू शकले असते. हमालाला खड्ड्यात घालायला कितीसं लागतं? कुणाला कळलं नसतं, मास्तरच्या वहीलाही नाही. शनिवार राहिले असते, पापड राहिले असते, अनाड़ी साहब राहिले असते. मी तरी त्यांच्या जागी काय केलं असतं, याची मला खात्री नाही.

आईला यातलं काही कळलं नव्हतं. तिने त्यांचा अंगठा धरून उजेडाकडे फिरवला. "अहो, पण हे नखाला कशासाठी?"

बाबांनी हात सोडवून घेतला आणि पेपर उघडला.

"आमच्या चेकिंगमध्ये असंच असतं," ते म्हणाले. "हिला विचार."